शब्दचर्चा : 'अनन्य मार्गदर्शन' आणि 'आम्हालाच'मधला 'च'

नंदुरबार (प्रश्न)
एका ख्रिस्ती पत्रकाचे मुद्रितशोधन चालू आहे. त्यातले वाक्य असे : 'देवाचे अनन्य मार्गदर्शन आमच्या मंडळीलाच लाभले आहे.' (मंडळी म्हणजे चर्च.) आधार दिलाय बायबलातल्या योहान १६:१३ चा. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. 'अनन्य' हा शब्द इथे बसतो का? आणि दिलेल्या वचनातून 'मंडळीलाच' निघते का? पत्रक नवापूर, चिंचपाडा, विसरवाडी या भागात वाटले जाणार आहे. तिथे वेगवेगळ्या मंडळ्यांची माणसे एकाच बाजारात भेटतात, त्यामुळे शब्द चुकला तर मने दुखावतील. कुठल्याही मंडळीला नावे ठेवायची नाहीत, शब्द तेवढा तपासायचा आहे.

धुळे
आधी 'अनन्य'. न अन्य, म्हणजे ज्याला दुसरा कोणी नाही तो. मराठीत हा शब्द भक्ताच्या बाजूने येतो : अनन्य भक्ती, अनन्य शरण. गीतेच्या नवव्या अध्यायातले 'अनन्याश्चिन्तयन्तो मां' सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे अनन्य आहे ते चिंतन करणाऱ्याचे मन. देवाला दुसरे भक्त नाहीत, असा त्याचा अर्थ कधीच होत नाही.

पत्रकात हीच बाजू उलटली आहे. 'आम्ही दुसऱ्या कुणाचे ऐकत नाही' हे सांगायला 'अनन्य' चालेल. 'देव दुसऱ्या कुणाला सांगत नाही' हे म्हणायचे असेल तर शब्द 'एकाधिकार' किंवा 'मक्तेदारी'. मक्तेदारी ऐकायला कठोर वाटते, पण दावा तोच आहे. शिवाय त्या शब्दात एक बारकावा आहे. मक्ता मालकाने दिलेला असतो, ठरावीक मुदतीचा असतो आणि शर्ती मोडल्या तर काढून घेतला जातो. मक्तेदार कधीच मालक नसतो.

अमळनेर
धुळेकर भाऊंचे पटले, पण प्रेषितांपासून चालत आलेल्या अधिकाराबद्दल बोलायचे असेल तर 'वतन' जास्त जवळचा नाही का? पिढ्यान्‌पिढ्या चालणारा हक्क.

धुळे
नाही जमणार, भाऊ. वतन रक्ताने जायचे आणि त्याची भावाभावांत वाटणीही व्हायची. बिशपांची परंपरा डोक्यावर हात ठेवून दिलेल्या दीक्षेने चालते, तिथे मुलाचा हक्क नाही. 'वारसा' म्हणा.

जळगाव
माझ्या मते सगळा वाद त्या 'च'मध्ये आहे. एकच वाक्य घ्या आणि 'च' सरकवत न्या :

देवच आम्हाला मार्ग दाखवतो. (दुसरा कोणी नाही, देवच.)
देव आम्हालाच मार्ग दाखवतो. (इतरांना नाही.)
देव आम्हाला मार्ग दाखवतोच. (चुकत नाही, हमी आहे.)

ही तीन निरनिराळी विधाने आहेत आणि प्रत्येकाला पुरावा वेगळा लागतो. बोलताना माणूस पहिल्याचे वचन दाखवतो आणि दुसरे सिद्ध झाले असे धरून चालतो. घोटाळा होतो तो इथेच.

आता योहान १६:१३. मराठीत, सत्याच्या आत्म्याबद्दल (म्हणजे पवित्र आत्म्याबद्दल) : 'तो तुम्हांला मार्ग दाखवून सर्व सत्यात नेईल.' मूळ ग्रीक क्रियापद 'होदेगेओ'. 'होदोस' म्हणजे वाट आणि 'हेगेओमाइ' म्हणजे पुढे होऊन नेणे. तिथे 'तुम्हांला' क्रियापदाच्या मागून येते, त्यावर जोर नाही, आणि 'फक्त' अशा अर्थाचा 'मोनोस' हा शब्दही नाही. हाच 'मोनोस' पुढच्याच अध्यायात, १७:३ मध्ये येतो : 'एकच खरा देव'. म्हणजे योहानाला 'च' लावायचा होता तिथे त्याने लावला आहे, आणि तो देवाला लावला आहे. शिष्यांना नाही.

नवापूर
'होदेगेओ'बद्दल थोडी भर. नव्या करारात तो पाचच ठिकाणी आहे. मत्तय १५:१४ आणि लूक ६:३९ मध्ये आंधळा आंधळ्याला नेतो, दोघे खड्ड्यात पडतात. प्रकटीकरण ७:१७ मध्ये कोकरा (म्हणजे ख्रिस्त) जिवंत पाण्याच्या झऱ्यांकडे नेतो. आणि प्रेषितांची कृत्ये ८:३१ मध्ये गाझाच्या वाटेवर रथात बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचणारा कूश देशाचा अधिकारी म्हणतो की, कुणी वाट दाखवल्याशिवाय मला कसे समजणार? फिलिप्प हा सुवार्तिक त्याच्या शेजारी बसतो, उलगडून सांगतो, बाप्तिस्मा देतो आणि तिथून नेला जातो. अधिकारी आनंदाने आपल्या वाटेने पुढे जातो.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, वाटाड्या. अक्राणीच्या डोंगरात वाटाड्या पुढे चालतो, म्हणून वाट त्याच्या मालकीची होत नाही. तो खड्ड्यातही नेऊ शकतो, हे वरच्या दोन वचनांत त्याच क्रियापदाने सांगितलेय. तेव्हा नुसत्या 'मार्गदर्शन' या शब्दात अचूकपणाची हमी नाही. १६:१३ मध्ये हमी आहे ती 'सत्याचा आत्मा' या कर्त्यामुळे.

भुसावळ
इथे मी दुसरी बाजू मांडते. योहान १४:६ मध्ये 'मीच मार्ग' आहे ना? मराठी भाषांतरात 'च' स्पष्ट आहे. सत्य एक असेल तर एकमेकींच्या विरुद्ध शिकवणाऱ्या दोन मंडळ्यांना एकच आत्मा कसा नेईल? कुणीतरी एकच बरोबर असणार. मग तिने तसे म्हटले तर त्यात गैर काय?

जळगाव
ताई, प्रश्न रास्त आहे. पण 'मीच'मधला 'मी' ख्रिस्त आहे, मंडळी नाही. दुसरे असे की, सत्य एक आहे यावरून 'सगळे बरोबर नाहीत' एवढेच निघते. 'एक मंडळी सगळ्या बाबतीत बरोबर आहे' हे निघत नाही. एक या मुद्द्यावर बरोबर, दुसरी त्या मुद्द्यावर, अशी शक्यता उरतेच.

भुसावळ
मान्य. पण रोमन कॅथलिक मंडळी तर हमी सांगतेच की.

जळगाव
सांगते, आणि तिचे शब्द फार मोजून घेतलेले आहेत. पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८ जुलै १८७० रोजी पोपच्या अस्खलनशीलतेची, म्हणजे न चुकण्याची, व्याख्या केली. तिच्या अटी पाहा : पोप सर्व ख्रिस्ती लोकांचा पाळक आणि शिक्षक या नात्याने बोलत असला पाहिजे, विषय श्रद्धेचा किंवा नीतीचा असला पाहिजे, आणि ती शिकवण सगळ्या मंडळीने धरून ठेवावी म्हणून निर्णायकपणे दिलेली असली पाहिजे. आत्म्याचे वचन नवा सिद्धांत प्रकट करण्यासाठी नसून मिळालेला ठेवा जपण्यासाठी आहे, असेही तिथे म्हटलेय. त्यानंतर अशी उघड व्याख्या झाली ती १ नोव्हेंबर १९५० ची, मरियेच्या स्वर्गोन्नयनाची, म्हणजे तिला सदेह स्वर्गात घेतले गेल्याची. माझ्या वर्गवारीत हे 'दाखवतोच'. 'आम्हालाच' नव्हे. कारण २१ नोव्हेंबर १९६४ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या दस्तऐवजांत म्हटले आहे की, वेगळ्या झालेल्या ख्रिस्ती समूहांतही आत्मा काम करतो. अँग्लिकन मंडळीच्या ३९ कलमांतले एकविसावे कलम याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे : सर्वसाधारण परिषदाही चुकू शकतात आणि कधी कधी चुकल्या आहेत.

धुळे
'आम्हालाच'ची सरळ उदाहरणेही आहेत. दुसऱ्या शतकात फ्रुगियात (आजच्या तुर्कस्तानात) माँटानुस आणि त्याच्याबरोबरच्या प्रिस्किल्ला, मॅक्सिमिल्ला या दोघी 'सत्याचा आत्मा आता आमच्या तोंडून बोलतो' असे सांगत. लॅटर-डे सेंट्सच्या (मॉर्मन पंथाच्या) १ नोव्हेंबर १८३१ च्या प्रकटीकरणात त्यांच्या मंडळीला पृथ्वीवरची एकमेव खरी आणि जिवंत मंडळी म्हटले आहे.

यहोवाच्या साक्षीदारांचा दावा मत्तय २४:४५ मधल्या 'विश्वासू व बुद्धिमान दासा'वर उभा आहे, आणि हा दास म्हणजे त्यांचे नियमन मंडळ. पण फेब्रुवारी २०१७ च्या त्यांच्याच नियतकालिकात हे मंडळ ईश्वरप्रेरित नाही आणि चुकण्यापलीकडचेही नाही, असे छापले आहे. हे प्रामाणिकपणे कबूल केले याचा आदर आहे. तर्काची अडचण मात्र इथूनच सुरू होते. 'दाखवतोच' सोडले आणि 'आम्हालाच' ठेवले. वाटाड्या चुकू शकतो हे मान्य केल्यावर इतर चुकणाऱ्यांहून तो वेगळा कसा ओळखायचा, याला दुसरा पुरावा द्यावा लागतो. मत्तयातले ते वचनही मुळात प्रश्न आहे, असा दास कोण? आणि तीनच ओळींनंतर तोच दास वाईट निघाला तर काय, हे सांगितलेय.

अमळनेर
बहुतेक वेळा दिला जाणारा पुरावा असा असतो : आमचा अर्थ बरोबर, कारण आत्मा आम्हाला दाखवतो, आणि आत्मा आम्हाला दाखवतो, कारण आमचा अर्थ बरोबर. न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात. तो तोडायला बाहेरची कसोटी लागते. बायबल ती देते : अनुवाद १८:२२ मध्ये बोललेले घडते का, १ योहान ४:१ मध्ये आत्म्यांची पारख करा. ही कसोटी 'आम्हालाच' म्हणणाऱ्यांनाही लागू होते.

आणि एलीया विसरू नका. १ राजे १९ मध्ये तो दोनदा म्हणतो की मी एकटाच उरलो. देव सांगतो की बाल या परक्या दैवतापुढे गुडघे न टेकलेले सात हजार आहेत. खुद्द संदेष्ट्याचा 'च' देवाने खोडला आहे.

नवापूर
पत्रकात 'प्रेरणा' आणि 'मार्गदर्शन' एकमेकांच्या जागी वापरले असतील तर तेही वेगळे करा. २ तीमथ्य ३:१६ मधले 'परमेश्वरप्रेरित', ग्रीक 'थिओप्न्यूस्तोस', म्हणजे देवाच्या श्वासाचा. नव्या करारात हा शब्द एकदाच येतो, आणि तो शास्त्रलेखाला लागतो, वाचणाऱ्या मंडळीला नाही. 'दैवी मार्गदर्शन'ही टाळावे. बोलीत 'दैवी'ला दैवाचा, नशिबाचा वास येतो. 'देवाचे' पुरते.

नंदुरबार (प्रश्नकर्ता)
फार उपयोग झाला. वाक्य असे करतो : 'देवच आपल्या मंडळीला मार्ग दाखवतो, आणि आम्ही त्याला अनन्य शरण आहोत.' 'अनन्य'ही राहिला. पण 'आपल्या मंडळीला' म्हणजे आमच्या की देवाच्या?

धुळे
चांगले पकडले. मराठीत 'आपल्या' वाक्याच्या कर्त्याकडे वळतो, म्हणून व्याकरणाने ती देवाची मंडळी. पण वाचणारा 'आपली सगळ्यांची' असेही वाचेल, आणि पत्रक वाटणारा 'आमची' असे ऐकवेल. 'मंडळी' हा शब्दही दुहेरी आहे : ग्रीक 'एक्लेसिया'साठी तो एका गावच्या जमावालाही लागतो आणि जगभरच्या विश्वासणाऱ्यांनाही. 'ख्रिस्ताच्या मंडळीला' लिहा.

नंदुरबार (प्रश्नकर्ता)
आणि मागच्या पानावर अहिराणीत द्यायचे तर?

अमळनेर
'देवच वाट दखाडस.' कोणाला, ते लिहू नका. 'आमले' घातले की कुणीतरी 'आमलेच' वाचणार.