मदत हवी आहे: आफ्रिकन कलाकारांनी केलेल्या यूटूच्या गाण्यांचं श्रवणसत्र कसं बसवू?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात आमच्या वाचनालयाचा एक छोटा ग्रुप आहे, महिन्यातून एकदा संध्याकाळी जमतो, गाणी ऐकतो, कोणीतरी एक जण माहिती सांगतो, मग चहा आणि गप्पा. आतापर्यंत नाट्यसंगीत, मदनमोहन, बेगम अख्तर असं बरंच झालंय. १ डिसेंबरला जागतिक एड्स दिन असतो, त्या निमित्ताने यावेळी एक वेगळा अल्बम ऐकवायचा माझा विचार आहे.

‘इन द नेम ऑफ लव्ह: आफ्रिका सेलिब्रेट्स यूटू’, २००८ साली आलेला. यूटू म्हणजे डब्लिनचा रॉक बँड, डिसेंबर २०१९ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर वाजवून गेला तोच. त्यांची १२ गाणी आफ्रिकन कलाकारांनी आपापल्या ढंगात केली आणि विक्रीतला काही भाग ग्लोबल फंडाला दिला, म्हणजे एड्स, टीबी आणि मलेरियासाठी पैसा उभा करणारी जिनिव्हाची संस्था. आपल्याकडच्या टीबी आणि एचआयव्हीच्या कार्यक्रमांनाही या फंडाची मदत मिळते, त्यामुळे आपला काय संबंध असं कोणी म्हणू नये.

मला हा अल्बम इतका का आवडतो ते सांगते, म्हणजे सल्ला द्यायला सोपं जाईल. चॅरिटीचे अल्बम बहुतेक वेळा एकदा ऐकून बाजूला ठेवले जातात, कारण तिथे हेतू मोठा असतो आणि गाणं कसंबसं. इथे तसं नाहीये. ‘संडे ब्लडी संडे’ घ्या. ३० जानेवारी १९७२ ला उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या, त्याच दिवशी १३ जण गेले, त्यावरून गाण्याचं नाव. इथे ते गिनीच्या बा सिसोकोने केलंय, कोऱ्यावर. कोरा म्हणजे २१ तारांचं वाद्य, अर्धा कापलेला मोठा भोपळा, त्यावर चामडं ताणलेलं, वाजवायचं दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी आणि तर्जनींनी. पिढ्यानपिढ्या गावाचा इतिहास गाऊन सांगणाऱ्या घराण्यांचं हे वाद्य, त्यामुळे त्याच्यावर एका गोळीबाराचं गाणं येतं तेव्हा ते परकं वाटतच नाही.

आणि ‘सेकंड्स’! मूळ गाणं अणुयुद्धाच्या भीतीवरचं, १९८३ चं. इथे ते सिएरा लिओन्स रेफ्युजी ऑल स्टार्स करतात. हा बँडच गिनीमधल्या निर्वासितांच्या छावण्यांमध्ये जमला, सिएरा लिओनमधल्या यादवी युद्धातून पळून आलेल्या लोकांचा. ज्यांनी घरदार जळताना बघितलंय त्यांच्या तोंडी हे शब्द येतात तेव्हा मला दर वेळी थांबावं लागतं, पुढचं गाणं लगेच लावता येत नाही.

मालीचा व्ह्यू फारका तुरे, प्रसिद्ध गिटारवादक अली फारका तुरेंचा मुलगा, वडील २००६ मध्ये गेले. नायजेरियन गायक फेला कुटीचे ड्रमर, नायजेरियाचेच टोनी अ‍ॅलन. बेनिनची अँजेलिक किजो. अंगोलाचे वाल्डेमार बास्टोस. अशी सगळी मोठी माणसं आहेत, आणि टोनी अ‍ॅलन आणि बास्टोस दोघंही २०२० मध्ये गेले.

आता माझ्या अडचणी. आपल्याकडे वेळ दीड तास, माणसं साधारण चाळीस, निम्मी साठीच्या पुढची, ज्यांनी यूटूचं नावही ऐकलेलं नाही. आधी मूळ गाणं ऐकवू का थेट आफ्रिकन? सगळी १२ घेतली तर बोलायला वेळच उरणार नाही, मग कोणती पाच-सहा घेऊ? सभागृहात रेकॉर्ड वाजवायला लायसन्स लागतं का? आणि एचआयव्ही असलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या जवळच्या एका संस्थेला मदत द्यायचीये तर तिकीट लावू का पेटी ठेवू? शिवाय कोणाकडे मूळ सीडी असेल तर प्लीज सांगा, आमच्या हॉलमध्ये नेट धड चालत नाही.

प्रतिसाद १

ताई, फार छान विषय. माझं मत, आधी मूळ गाणं अजिबात नको. तुमच्या श्रोत्यांना तुलना करायची नाहीये, त्यांना ऐकायचंय. सुरुवात दक्षिण आफ्रिकेच्या सोवेटो गॉस्पेल क्वायरच्या ‘प्राइड’ने करा, मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरचं गाणं आहे, शब्द कळले नाहीत तरी नुसत्या आवाजांनी हॉल भरून जातो. मूळ गाणं फक्त एकाचं ऐकवा, तेही नंतर, ‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’चं. यूटूचा गायक बोनो आणि त्याची बायको १९८५ मध्ये इथिओपियात दुष्काळग्रस्तांच्या छावणीत काम करून आले होते, आणि या गाण्याची मुळं त्या दिवसांपर्यंत जातात. तेच गाणं या अल्बममध्ये टोनी अ‍ॅलनच्या ड्रम्सवर ऐकायला मिळतं, हे लोकांना सांगाच. पण इथिओपिया कुठे आणि नायजेरिया कुठे, हेही सांगा, नकाशा लावा भिंतीवर. आपल्याकडे आफ्रिका म्हटलं की एकच देश समजतात.

प्रतिसाद २

लायसन्सबद्दल: कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२(१)(के) वाचा. नफ्यासाठी नसलेल्या क्लबने किंवा तशा संस्थेने आपल्या उपक्रमाचा भाग म्हणून रेकॉर्ड ऐकवली तर ते उल्लंघन धरत नाहीत. वाचनालय नोंदणीकृत असेल आणि कार्यक्रम नेहमीच्या मासिक बैठकीचाच असेल तर तुमची बाजू बरी आहे. पण तिकीट लावलंत की चित्र बदलू शकतं, म्हणून तिकीट नकोच, पेटी ठेवा आणि तीही गाण्यांपासून वेगळी, दाराजवळ, संस्थेच्या नावाची पावती देऊन. तरी एकदा ओळखीच्या वकिलाला विचारून घ्या, माझं म्हणणं शेवटचं धरू नका.

प्रतिसाद ३

दक्षिण आफ्रिकेच्या वुसी महलासेलाला सोडू नका हो! १९९४ मध्ये मंडेलांच्या शपथविधीला गायलेला माणूस आहे. त्याने जे गाणं केलंय ते बोनोने आपल्या वडिलांसाठी लिहिलेलं, वडील २००१ मध्ये गेले. साठीच्या पुढच्या लोकांना हेच सगळ्यात जास्त लागेल बघा. आणि मंडेलांनी २००५ मध्ये आपला मुलगा एड्सने गेला हे स्वतः जगाला सांगितलं होतं, त्या काळात घरातलं असं फार कमी लोक उघड बोलत, १ डिसेंबरला हे सांगण्यासारखं आहे.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. मंडेलांची गोष्ट सत्राच्या मधोमध घेते, वुसीच्या गाण्याआधी. तिकीट रद्द, पावती देऊनच पैसे घेणार. नकाशाची कल्पना तर मस्तच, सहा गाणी ठरवलीत, त्या सगळ्यांचे देश त्यावर खुणा करून दाखवते: दक्षिण आफ्रिका दोनदा, नायजेरिया, गिनी, सिएरा लिओन, माली.

एक गोष्ट मात्र मी ठरवलीये, ती म्हणजे ‘गरीब बिचारे’ असा सूर कुठेही लावायचा नाही. या अल्बममध्ये आफ्रिकन लोक मदत मागत नाहीयेत, ते गातायत आणि पैसा उभा करतायत, निवेदन त्याच हिशोबाने लिहितेय.

आता दोनच गोष्टी राहिल्या. सीडी अजून मिळालेली नाही, ठाणे, कल्याण, नवी मुंबई कुठेही कोणाकडे असेल तर मी येऊन घेऊन जाईन आणि परत आणून देईन. आणि कोरा प्रत्यक्ष वाजवणारं किंवा निदान जवळून बघितलेलं कोणी आहे का इथे? दहा मिनिटं बोलायला आलात तरी खूप होईल.