मदत हवी आहे : चिनी वैद्यकातील भावनोपचाराविषयी

पारंपरिक चिनी वैद्यक मन आणि शरीर वेगळे मानत नाही. ‘हुआंगदी नेइजिंग’ या प्राचीन ग्रंथात हृदयाला राजाचे स्थान दिले असून क्रोध यकृताला, अतिचिंतन प्लीहेला, शोक फुप्फुसांना आणि भय मूत्रपिंडांना पीडा देते, असे म्हटले आहे. इथवर समजते.

माझे घोडे अडते ते पुढे. त्याच ग्रंथानुसार एक भावना दुसरीवर मात करते, आणि झांग त्सोंगझेंग (११५६–१२२८) या वैद्यांनी तर त्यावरच उपचार बेतला. अतिचिंतनामुळे दोन वर्षे झोप हरपलेल्या एका श्रीमंत स्त्रीच्या पतीशी संगनमत करून त्यांनी भरपूर मोबदला घेतला, काही दिवस मद्यपान केले आणि एकही औषध न देता ते निघून गेले; ती भयंकर संतापली, तिला घाम फुटला आणि त्याच रात्री तिला झोप लागली. (आज असे केल्यास प्रकरण ग्राहक आयोगात जाईल, हे वेगळे!)

लाकूड तत्त्वाचा क्रोध माती तत्त्वाच्या चिंतनाला आवरतो, ही चिनी पंचतत्त्वांची (लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी) संगती मला पटते. परंतु त्याच क्रोधाने यकृत बिघडू नये यासाठी त्याची मात्रा वैद्य कशावरून ठरवत, नाडीवरून की चर्येवरून? तसेच ही पद्धत चीनमधील वैद्यक महाविद्यालयांत आज प्रत्यक्ष शिकवली जाते का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.