मदत हवी आहे : विद्यार्थ्यांच्या वस्तीतला दक्षता गट टिकवायचा कसा?

मंडळी, आमच्या गल्लीत बहुतेक घरांत भाड्याने राहणारे विद्यार्थी. खिडकीपाशी चार्जिंगला लावलेला लॅपटॉप, नुसतं लोटलेलं दार, सुट्टीत रिकाम्या खोल्या. चोराला आणखी काय हवं? एकदा फोडलेलं घर थोड्याच दिवसांत पुन्हा फोडलं जाण्याचा धोका जास्त असतो, म्हणून चोरी झाली की शेजाऱ्यांना लगेच सावध करणारा गट आम्ही काढला. पण दरवर्षी जुनी मुलं जातात, नवी येतात, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शिवाय कुणाही अनोळखी मुलाचा फोटो 'संशयित' म्हणून फिरवला जातो, ते मला अजिबात पटत नाही.

घरमालक, कॉलेज, पोलीस आणि कायमचे रहिवासी यांना धरून ठेवणारी व्यवस्था कुणी उभी केली आहे का? नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात कसं सामील करून घेता? जिन्यातला गेलेला दिवा कोण बदलतं, इतकं बारीकसारीकही सांगा.