अमेरिकेत पक्षांतरबंदी कायदा नाही, मग खासदार पक्षाला इतके का घाबरतात?

वाटसरू

आपल्याकडे व्हिप झुगारला की दहाव्या परिशिष्टाखाली आमदारकी-खासदारकी जाऊ शकते. १९८५ पासून हा कायदा आहे, आणि शिवसेना-राष्ट्रवादीच्या फुटीनंतर प्रतोद, गटनेता, विलीनीकरण हे शब्द गल्लोगल्ली पोचले. अमेरिकेत यातलं काहीच नाही. खासदाराने पक्षाविरुद्ध मत दिलं, अगदी पक्ष बदलला, तरी जागा त्याच्याकडेच राहते. दिल्लीत बसून तिकीट कापणारं हायकमांडही तिकडे नाही. तरीसुद्धा ट्रम्पच्याच रिपब्लिकन पक्षातल्या वायोमिंगच्या खासदार लिझ चेनी पक्षातून संपल्या, आणि मार्जरी टेलर ग्रीनसारख्या ट्रम्पच्या कट्टर समर्थक बाईंनी मुदत शिल्लक असताना जानेवारी २०२६ मध्ये खासदारकी सोडली.

मग पक्ष यांना नेमका कुठे पकडतो? ही फक्त रिपब्लिकनांची गोष्ट आहे का? आणि विरोध करूनही जे टिकले ते कशाच्या जोरावर? जाणकारांनी तपशिलात लिहावं.

नर्मदा

हायकमांड नाही म्हणूनच ही अवस्था आहे. तिकडे उमेदवारी मतदार ठरवतात, प्रायमरीत, म्हणजे उमेदवार निवडायच्या प्राथमिक निवडणुकीत. बऱ्याच मतदारसंघांत एकाच पक्षाचं इतकं वर्चस्व असतं की नोव्हेंबरची निवडणूक उपचारापुरती उरते. आणि प्रायमरीला येतो साधारण पाचातला एक मतदार, तोही बहुतेक वेळा पक्षाचा कडवा. या मतदाराला जो एका पोस्टने उठवून बसवू शकतो, त्याला व्हिप काढावाच लागत नाही.

चेनींचा घटनाक्रम पाहा. जानेवारी २०२१ मध्ये प्रतिनिधीगृहातल्या (म्हणजे कनिष्ठ सभागृहातल्या) दहा रिपब्लिकनांनी ट्रम्पवरच्या महाभियोगाला पाठिंबा दिला. चेनी त्यात होत्या, आणि त्या संसदीय गटातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या नेत्या होत्या. ३ फेब्रुवारीला त्यांना पदावरून काढायचा प्रस्ताव गटात आला. मतदान गुप्त होतं आणि १४५ विरुद्ध ६१ मतांनी त्या वाचल्या. १२ मे रोजी तोच विषय पुन्हा आला, या वेळी आवाजी मतदान झालं आणि बघता बघता पद गेलं. मधल्या काळात त्या ट्रम्पवर बोलत राहिल्या म्हणून काहींचा संयम सुटला, हे खरं. पण १४५ जण तीन महिन्यांत विरघळतात ते एवढ्याने नाही. चिठ्ठीवर जे लिहिता येतं ते तोंडाने बोलता येत नव्हतं. पुढे १६ ऑगस्ट २०२२ ला वायोमिंगच्या प्रायमरीत हॅरिएट हेगमन यांना ६६ टक्क्यांच्या आसपास मतं पडली, चेनींना २९ च्या.

त्या दहांपैकी चौघांनी पुन्हा निवडणूक लढवलीच नाही, चौघे प्रायमरीत पडले, दोघे टिकले: डॅन न्यूहाउस आणि डेव्हिड वालाडाओ. दोघांच्याही राज्यांत (वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया) प्रायमरी पक्षवार होत नाही. सगळे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर, पहिले दोन पुढे. म्हणजे दुसऱ्या पक्षाच्या आणि कुंपणावरच्या मतदारालाही त्यांना मत देता येतं. तरी ही हमी नव्हे. वॉशिंग्टनच्याच जेमी हेरेरा ब्यूटलर थोडक्या मतांनी तिसऱ्या आल्या आणि बाहेर पडल्या.

वायोमिंगमध्ये तेव्हा ऐन प्रायमरीच्या दिवशीही मतदाराला पक्षनोंदणी बदलता येत असे, त्यामुळे काही डेमोक्रॅट्सनी चेनींना मतं दिली. २०२३ मध्ये राज्याने कायदा करून ती वाट बंद केली. आता उमेदवारी अर्ज भरणं सुरू व्हायच्या आधीच नोंदणी बदलावी लागते. असे साधे वाटणारे नियम कोण बदलतंय आणि कधी, यावर लक्ष ठेवा. बंडखोराचं भवितव्य बरंचसं तिथे ठरतं.

डॅलसकर

नर्मदाताई, प्रायमरीचं पटलं. पण सभागृहाच्या आतली हत्यारंही कमी नाहीत, आणि ती ट्रम्पच्या कितीतरी आधीची आहेत.

पहिलं म्हणजे समित्या. कोण कुठल्या समितीवर बसणार हे पक्षाची सुकाणू समिती ठरवते आणि तिथे नेत्याचा शब्द जड असतो. डिसेंबर २०१२ मध्ये स्पीकर जॉन बेनर यांच्या काळात चार रिपब्लिकनांच्या महत्त्वाच्या समित्या काढून घेतल्या. त्यात कॅन्ससचे टिम ह्युल्सकँप होते. त्यांचा मतदारसंघ गहू आणि गुरांचा, आणि नेमकी शेती समितीच गेली. मतदारसंघातल्या शेतकरी संघटनांनी हिशेब साधा मांडला: शेतीचं विधेयक लिहिताना आपला माणूस खोलीतच नसेल तर तो काय कामाचा? २०१६ च्या प्रायमरीत ते रॉजर मार्शल यांच्याकडून हरले. नेत्याने समिती काढली, पण घाव मतदाराकडून बसवला. शिवाय ह्युल्सकँप मवाळ नव्हते, ते नेतृत्वापेक्षा जास्त कडवे होते. म्हणजे शिक्षा विचारसरणीबद्दल नव्हती, न ऐकण्याबद्दल होती.

दुसरं, मतदानाचं घड्याळ. नेहमीचं मतदान पंधरा मिनिटांचं. २२ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे मेडिकेअरमधल्या (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यातल्या) औषधांच्या विधेयकावरचं मतदान तीनच्या सुमारास सुरू झालं आणि जवळजवळ तीन तास उघडं ठेवलं, कारण फलकावर पक्ष हरत होता. तेवढ्या वेळात एकेकाला गाठून वळवलं गेलं. शेवटी २२० विरुद्ध २१५. मिशिगनचे निक स्मिथ तरीही बधले नाहीत. ते निवृत्त होणार होते आणि त्यांचा मुलगा त्याच जागेवर उभा राहत होता. बाजूने मत द्या, मुलाला प्रायमरीत पाठिंबा देतो, असं नेते टॉम डिले यांनी सुचवलं. २००४ मध्ये नीतिमत्ता समितीने त्याबद्दल डिलेंना जाहीर समज दिली. मुलगा ती प्रायमरी हरला.

तिसरं, पैसा. दोन्ही पक्षांत खासदारांनी पक्षाच्या प्रचार समितीला वर्गणी भरायची असते, समितीचं अध्यक्षपद हवं असेल तर आकडा लाखो डॉलरांत जातो. न भरणाऱ्याला कुणी हाकलत नाही, फक्त बढतीच्या वेळी त्याचं नाव पुढे येत नाही.

मात्र ही काठी उलटतेही. २०१५ मध्ये मार्क मेडोज यांचं उपसमितीचं अध्यक्षपद काढलं आणि सहकाऱ्यांच्या गदारोळामुळे काही दिवसांत परत द्यावं लागलं. महिन्याभरात त्यांनी स्पीकरला हटवायचा प्रस्ताव दाखल केला आणि सप्टेंबरात बेनर यांनीच पद सोडत असल्याचं जाहीर केलं. केविन मॅकार्थी तर पंधराव्या फेरीत स्पीकर झाले, कारण एकट्या सदस्यालाही हा प्रस्ताव आणू द्यायची अट त्यांना मान्य करावी लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये २१६-२१० ने ते गेले. स्वपक्षाचे आठच जण फुटले होते, बाकीची मतं डेमोक्रॅट्सची. जानेवारी २०२५ पासून त्यासाठी बहुमतातल्या पक्षाचे नऊ सदस्य लागतात.

माजघर

डेमोक्रॅट्सबद्दल विचारलंत ते बरं केलंत. त्यांच्याकडे हे नाही असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. फक्त दंडुका क्वचितच एका माणसाच्या हाती असतो.

१९३८ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्टनी स्वतःच्या पक्षातले विरोधक प्रायमरीत पाडायचा घाट घातला. जॉर्जियाचे वॉल्टर जॉर्ज, साउथ कॅरोलायनाचे एलिसन स्मिथ, मेरीलँडचे मिलार्ड टायडिंग्ज. जॉर्ज यांच्याविरुद्ध तर त्यांच्यासमोरच, जॉर्जियात जाऊन भाषण केलं. तिघेही सिनेटर निवडून आले. न्यूयॉर्कचे प्रतिनिधी जॉन ओ'कॉनर तेवढे पडले. बाहेरून येऊन आम्हाला कोण सांगणार, हा राग तेव्हा चालला. आज चालत नाही, कारण मतदाराची निष्ठा स्थानिक नेत्यावरून उठून राष्ट्रीय चेहऱ्यावर गेली आहे. हा फरक मला सगळ्यात मोठा वाटतो.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर २०१९ चं घ्या. विद्यमान खासदाराविरुद्ध प्रायमरीत उभ्या राहणाऱ्याचं काम जी सल्लागार कंपनी करेल तिला आम्ही काम देणार नाही, असा नियम डेमोक्रॅट्सच्या प्रतिनिधीगृह प्रचार समितीने काढला. आव्हान देणाऱ्याला सर्वेक्षणवाले, जाहिरातवाले, पत्रकं पाठवणारे मिळू नयेत हाच हेतू. तरुण डाव्या गटाने आरडाओरडा केला आणि २०२१ मध्ये तो मागे घेतला गेला. त्याच पक्षात २०२२ च्या जानेवारीत ॲरिझोना शाखेने सिनेटर कर्स्टन सिनेमांवर निंदाठराव केला, फिलिबस्टरच्या (सिनेटमध्ये अल्पमताला विधेयक अडवू देणाऱ्या नियमाच्या) मतदानावरून. डिसेंबरात त्या पक्षाबाहेर पडल्या.

आणि बायडन. त्यांनी अध्यक्षपदाच्या शर्यतीतून माघार घ्यावी असं उघड म्हणणारे पहिले डेमोक्रॅट खासदार, टेक्ससचे लॉइड डॉगेट, २ जुलै २०२४ ला बोलले. २१ जुलैला बायडननी माघार घेतली. एवढ्या झटक्यात बांध फुटला याचा अर्थ आधी कित्येक महिने लोक गप्प बसले होते. धमकी नसतानाही निष्ठा तोंड बंद करते, आणि त्या गप्प बसण्याची किंमत पक्षाने नोव्हेंबरात मोजली असं माझं मत आहे.

वाटसरू

खूप छान माहिती, तिघांचेही आभार. ग्रीन यांचं राहिलं. आणि दमदाटीचं, म्हणजे घरापर्यंत येणाऱ्या धमक्यांचं काय?

नर्मदा

ग्रीन यांचं प्रकरण सह्यांचं आहे. विधेयक नेतृत्वाने अडवलं तर २१८ सदस्यांच्या सह्या गोळा करून ते सभागृहात आणता येतं. लैंगिक गुन्हेगार जेफ्री एपस्टीनच्या कागदपत्रांसाठी सगळ्या डेमोक्रॅट्सबरोबर चार रिपब्लिकनांनी सही केली: टॉमस मॅसी, ग्रीन, नॅन्सी मेस आणि लॉरेन बोबर्ट. सह्या जाहीर असतात, त्यामुळे कुणाला दाबायचं ते नावानिशी माहीत. १२ नोव्हेंबर २०२५ ला बोबर्टना व्हाइट हाउसच्या सिच्युएशन रूममध्ये (अतिसुरक्षित बैठक कक्षात) बोलावून बैठक झाली. त्यांनी सही मागे घेतली नाही. त्याच दिवशी, निवडून येऊन सात आठवडे उलटल्यावर शपथ मिळालेल्या ॲडेलिटा ग्रिहाल्वांनी २१८ वी सही केली. १८ तारखेला विधेयक ४२७ विरुद्ध १ ने मंजूर! आदल्या आठवड्यात चारच रिपब्लिकन उभे होते. मधे ट्रम्पनीच पवित्रा बदलला होता. पण ग्रीन यांचा पाठिंबा १४ तारखेला काढला तो काढलाच, त्यांना गद्दारही ठरवलं. २१ ला त्यांनी राजीनामा जाहीर केला.

धमक्यांचं सांगायचं तर इंडियाना पाहा. मतदारसंघ पुन्हा आखून डेमोक्रॅट्सच्या दोन्ही जागा घालवायच्या, असा राजधानी वॉशिंग्टनहून आग्रह होता. ट्रम्पनी १६ नोव्हेंबर २०२५ ला दोन राज्य सिनेटरांची नावं घेऊन टीका केली आणि काही तासांत त्यातल्या एकाच्या घरी खोट्या फोनवरून पोलीस धडकले. याला तिकडे स्वॉटिंग म्हणतात: घरात खून झालाय असं काहीतरी सांगायचं, म्हणजे पोलीस बंदुका रोखूनच येतात. घरच्यांपैकी कुणी घाबरून चुकीची हालचाल केली तर जीव जाऊ शकतो. नंतर आणखी काही सिनेटरांच्या बाबतीत हेच झालं. तरीही ११ डिसेंबरला राज्याच्या सिनेटमध्ये आराखडा ३१-१९ ने पडला. ४० रिपब्लिकनांपैकी २१ विरोधात गेले. पन्नास जागांपैकी निम्म्याच दर दोन वर्षांनी निवडणुकीला येतात, म्हणजे बऱ्याच जणांच्या डोक्यावर २०२६ ची प्रायमरी नव्हती. हे एक कारण. पण एकवीस हा आकडाही महत्त्वाचा, कारण एवढ्यांना एकाच वेळी एकटं पाडता येत नाही.

डॅलसकर

टिकण्याबद्दल एक व्यवहारी गोष्ट राहिली. बहुतेक राज्यांत प्रायमरी हरलेल्याला त्याच निवडणुकीत अपक्ष म्हणून उभं राहता येत नाही, किंवा अर्जाची तारीख अशी ठेवलेली असते की हरल्यावर वेळच उरत नाही. कनेटिकट अपवाद होतं. २००६ मध्ये तिथले डेमोक्रॅट सिनेटर जो लिबरमन ८ ऑगस्टला प्रायमरी हरले आणि दुसऱ्या दिवशी अपक्ष उमेदवारीच्या सह्या दाखल केल्या. ७,५०० लागणार होत्या, त्या आधीच जमवून ठेवल्या होत्या. नोव्हेंबरात जिंकले. हरल्यावर सह्या गोळा करायला निघाले असते तर खेळ संपला होता.

अलास्काच्या रिपब्लिकन सिनेटर लिसा मर्कोव्स्की २०१० मध्ये प्रायमरी हरल्या. त्यांनी तेही केलं नव्हतं, नाव छापून यायची मुदत गेली होती. मग मतदाराने कोऱ्या ओळीवर नाव हाताने लिहायचं आणि शेजारचा लंबगोल काळा करायचा, एवढाच मार्ग उरला. आडनाव अवघड, म्हणून प्रचारात मनगटी पट्टे वाटले, त्यावर नावाची स्पेलिंग आणि भरलेला लंबगोल. प्रतिस्पर्ध्याने आठ हजारांहून जास्त मतांवर हरकत घेतली, बऱ्याच स्पेलिंगवरूनच. ती सगळी मतं बाद धरली तरी मर्कोव्स्की पुढे होत्या. २०२० मध्ये अलास्काच्या मतदारांनी पक्षवार प्रायमरीच रद्द केली: एकच यादी, पहिले चार पुढे, मग पसंतीक्रमाने मतदान. २०२१ च्या सिनेटमधल्या महाभियोगाच्या खटल्यात ट्रम्पविरुद्ध मत दिलेल्या सात रिपब्लिकनांपैकी २०२२ मध्ये मतदारांसमोर गेल्या त्या एकट्या मर्कोव्स्की, आणि त्या याच पद्धतीने निवडून आल्या.