५५ टक्के सूट असलेला लॅपटॉप: खरंच स्वस्त की नुसता दिसायला?

समासातला:

आईसाठी लॅपटॉप घ्यायचाय. ती घरून मुद्रितशोधन करते. म्हणजे डावीकडे पीडीएफ, उजवीकडे वर्डची फाइल, मागे ब्राउझरमध्ये शब्दकोश आणि चार-पाच टॅब, मधूनच संपादकांचा व्हिडिओ कॉल. गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही. सध्याचा लॅपटॉप सुरू व्हायलाच इतका वेळ घेतो की ती बटण दाबते आणि बाकीची कामं उरकून येते.

सेलमध्ये एक दिसलाय. पानावर आहे ते तसंच उतरवतो: १५.६ इंची फुल एचडी अँटी-ग्लेअर स्क्रीन, इंटेल सेलेरॉन एन४०२०, ८ जीबी रॅम, १.१ टीबी स्टोरेज, विंडोज ११ होम (एस मोड), एक वर्षाचं ऑफिस फुकट. मूळ किंमत खोडून ५५ टक्के सूट. वर घड्याळ उलटं पळतंय, "शेवटचे काही नग" वगैरे.

दोन प्रश्न. ही सूट खरी आहे हे ओळखायचं कसं? आणि खरी असली तरी यंत्र घेण्यासारखं आहे का? बजेट थोडं ताणता येईल, फार नाही.

घाईघाई:

१.१ टीबी आणि निम्म्याहून कमी भाव? डोळे झाकून घ्या राव. पीडीएफ वाचायला काय रॉकेट लागतं?

आठवा स्क्रू:

डोळे झाकून नका घेऊ. आईंचं काम डोळ्यांचंच आहे.

मी लॅपटॉप दुरुस्त करते. या वर्गातली यंत्रं माझ्या टेबलावर नेहमी येतात आणि तक्रार ठरलेली: "नवीनच आहे हो, पण हळू चालतं." उघडून, तपासून मला सांगावं लागतं की यात काही बिघडलेलं नाही, हे असंच आहे. ते ऐकताना माणसांचे चेहरे बघवत नाहीत.

आधी तो १.१ टीबीचा आकडा. इतक्या जागेची डिस्क बाजारात कोणी बनवत नाही, तेव्हा ही बेरीज आहे. यंत्रात १२८ जीबी, आणि उरलेला १ टीबी म्हणजे त्या फुकट ऑफिसबरोबर येणारी वनड्राइव्हची जागा. ती ढगात, म्हणजे इंटरनेटवर, तीही वर्षभर. वर्ष संपलं की पैसे भरा, नाहीतर गाशा गुंडाळा. पानावर खाली बारीक अक्षरात "ईएमएमसी" असा शब्द सापडतो का बघा. माझी खात्री आहे, सापडेल. ईएमएमसी म्हणजे साधारण फोनच्या किंवा मेमरी कार्डच्या जातीची साठवण, बोर्डावर सोल्डर केलेली. कागदावर तिचा कमाल वेग सेकंदाला ४०० एमबी. साधी एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे वेगवान जातीची डिस्क, ३,००० च्या पुढे सहज जाते. तरी रोज बोचतो तो हा आकडा नव्हे. विंडोजचं अपडेट पाठीमागे हजारो बारक्या फाइली लिहायला बसतं, तेव्हा ईएमएमसीचा जीव कासावीस होतो आणि वर्डमध्ये टाइप केलेलं अक्षर पडद्यावर यायला वेळ लागतो. आणि ती काढून दुसरी बसवता येत नाही. काही मॉडेल्समध्ये एम.२ चा, म्हणजे एसएसडी बसवायचा, मोकळा स्लॉट असतो, काहींत त्याची जागा बोर्डावर आखलेली असते पण स्लॉटच बसवलेला नसतो. ते बघितलं की मला फार चीड येते.

प्रोसेसर. एन४०२० हा २०१९ च्या अखेरचा, दोन कोरचा, दोन थ्रेडचा, म्हणजे एका वेळी हाताळता येणारी कामं फार थोडी. इंटेलने २०२३ पासून लॅपटॉपच्या नव्या चिप्सना सेलेरॉन आणि पेंटियम ही नावं देणंच थांबवलं. त्याच खालच्या वर्गातला एन१०० हा २०२३ चा, चार कोरचा, आणि एकूण कामाला एन४०२० च्या दुपटीहून जास्त. म्हणजे स्वस्तातच घ्यायचं म्हटलं तरी निदान एन१०० बघा. व्हिडिओ कॉल एकटा एन४०२० ला सोसतो. पण कॉल चालू, पीडीएफ उघडी, आणि संपादक म्हणाले "जरा स्क्रीन शेअर करा", की संपलं.

आता सूट खरी की खोटी. सोपी रीत आहे: सूट झाकून टाका. शेवटी खिशातून जाणार तेवढी रक्कम कागदावर लिहा आणि तेवढ्यात, किंवा थोड्या जास्तीत, बिनसुटीचं काय मिळतं ते शोधा. शोधताना कंपनीचं नाव टाकू नका, प्रोसेसरचा पूर्ण नंबर टाका. जर आय३-१२१५यू, ८ जीबी, २५६ जीबी एसएसडीवालं एखादं यंत्र जवळपासच्या भावात बिनसुटीचं पडून असेल, तर ५५ टक्क्यांचा विषय तिथेच मिटला. तो २०२२ चा सहा कोरचा प्रोसेसर आहे, एन४०२० बरोबर त्याची तुलनासुद्धा करू नये.

खोडलेल्या किमतीचं म्हणाल तर ती कित्येकदा त्याच नावाच्या वरच्या मॉडेलची असते, किंवा त्या किमतीला ते यंत्र कधी विकलंच गेलेलं नसतं. एकाच मालिकेत चार प्रोसेसर असतात, बाहेरून डबा सारखाच. म्हणून मॉडेल नंबर शेपटीसकट वाचायचा, शेवटची दोन-तीन अक्षरंच खरं बोलतात. माल अॅमेझॉनवरचा असेल तर कीपा या साइटवर जुन्या भावांचा आलेख दिसतो. युरोपीय संघात विक्रेत्याला सूट दाखवताना मागच्या निदान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत धरावी लागते. आपण कुठेही असलो तरी ही फूटपट्टी स्वतः लावायला कोणाची हरकत नाही.

आणि स्क्रीन. "फुल एचडी अँटी-ग्लेअर" लिहिलंय, आयपीएस, म्हणजे कुठल्याही कोनातून जवळपास सारखा दिसणारा पडदा, असं लिहिलेलं नाही. आयपीएस असतं तर विक्रेत्याने ते आधी ओरडून सांगितलं असतं. म्हणजे बहुतेक टीएन, स्वस्तातल्या जातीचा पडदा. टीएनवर मान जरा वर-खाली झाली की पांढरं पान वरच्या कडेला करडं आणि खालच्या कडेला फटफटीत दिसतं. सिनेमा बघणाऱ्याला चालून जाईल. अनुस्वार आहे की धूळ, ऱ्हस्व की दीर्घ, हे दिवसभर बघणाऱ्या माणसाला हा पडदा देऊ नका. तुमच्या बाबतीत मी प्रोसेसरच्याही आधी पडदा बघेन.

एस मोड राहिला. त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलीच अॅप्स चालतात. आईंचं टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर असेल तर ते बसणार नाही. मोड फुकटात काढता येतो, मात्र परत लावता येत नाही. परत लावायची इच्छा झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

काटकसरे:

माझ्याकडे एन४०२० आहे, ४ जीबीचा. विंडोज काढून त्याजागी लिनक्स मिंट ही फुकटातली ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. गाणी, ईमेल, थोडं टायपिंग, मजेत चाललंय. पंखाच नाही त्यामुळे आवाज शून्य. तेव्हा अगदीच टाकाऊ म्हणू नका. फक्त एका वेळी एकच काम सांगायचं. दुसरं सांगितलं की तो विचारात पडतो.

पण वर्ड लागतंच असेल आणि ट्रॅक चेंजेसवाल्या, म्हणजे केलेल्या दुरुस्त्या दाखवणाऱ्या, दोनशे-तीनशे पानी फाइली असतील तर मीही नकोच म्हणेन. लिनक्सवर वर्डऐवजी वापरतात त्या लिब्रेऑफिसमध्ये असल्या फाइली उघडतात, पण दुरुस्त्यांची मांडणी कधी कधी हलते आणि मग संपादक फोन करतात.

समासातला:

आठवा स्क्रू, "ईएमएमसी" सापडलं. अगदी तळाशी, वजन आणि रंगाच्या ओळींच्या मध्ये.

भावाचा आलेख पाहिला. खोडलेली किंमत त्यात कुठेच नाही. सेल नसताना हाच लॅपटॉप आजच्यापेक्षा जेमतेम वर विकला जात होता. म्हणजे ५५ टक्के कशाचे देव जाणे. विक्रेत्याला रॅमबद्दल विचारलं तर उत्तर आलं, "रॅम वाढवण्यासाठीच खोक्याचं सील उघडलं जाईल." हे नॉर्मल आहे का?

आता दोन पर्याय उरलेत.

पहिला: नवा, रायझन ५ ७५२०यू, ८ जीबी, ५१२ जीबी एसएसडी, १५.६ इंची फुल एचडी. सूट किरकोळ. बजेटच्या थोडा वर.

दुसरा: रिफर्बिश्ड, ऑफिसातून निघालेला बिझनेस लॅपटॉप. आय५-८३५०यू, १६ जीबी, २५६ जीबी एसएसडी, १४ इंची आयपीएस. एक वर्षाची वॉरंटी, पण ती विक्रेत्याची, कंपनीची नाही. भाव जवळपास त्या सेलवाल्याइतकाच.

आठवा स्क्रू:

सील उघडून रॅम घालणं नेहमीचं आहे. पण मग कंपनीची वॉरंटी त्या रॅमला लागू नाही, आणि बाकी यंत्राला लागू राहते का ते लेखी मागा. "हो हो, असते" हे लेखी नव्हे.

रायझन ५ ७५२०यू. आकडा बघून वाटतं सात हजारवाला, म्हणजे ताजा. एएमडीच्या त्या मालिकेत पहिला आकडा वर्षाचा आणि आतली रचना कुठली ते तिसरा आकडा सांगतो. इथे तिसरा आहे २, म्हणजे झेन २, म्हणजे २०१९ ला आलेली रचना २०२२ च्या खोक्यात. ७५३०यू असता तर झेन ३ आणि सहा कोर. नावात फरक एका आकड्याचा, हातात फरक बराच. तरी चार कोर आठ थ्रेड आहेत, आईंच्या कामाला पुरेल, सेलेरॉनशी तुलना नको. माझी अडचण वेगळी: या चिपबरोबर एलपीडीडीआर५ जातीचीच रॅम चालते आणि ती सोल्डर केलेलीच येते. ८ जीबी घेतली की कायमची ८ जीबी. आणि पडदा कुठला ते इथेही लिहिलेलं नाहीच.

दुसऱ्यावर माझं मत जास्त. ८३५०यू मधला ८ म्हणजे आठवी पिढी, हे महत्त्वाचं, कारण विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर, थोडे अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून पुढचेच आहेत. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रं मातीमोल भावात निघतात. ती दिसायला डिट्टो हीच असतात. खोक्यातून आल्यावर आधी प्रोसेसरचा नंबर सेटिंग्जमध्ये जाऊन वाचा, स्टिकरवर विसंबू नका. स्टिकर सुटे मिळतात.

मग बॅटरी. विंडोजमध्ये पॉवरसीएफजी कमांडने बॅटरी रिपोर्ट निघतो. त्यात "डिझाइन कपॅसिटी" आणि "फुल चार्ज कपॅसिटी" शेजारी असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या सत्तर टक्क्यांखाली असेल तर बॅटरी बदलून मागा किंवा तेवढे पैसे कमी करून घ्या. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर टिचकी मारा: "रो ऑफ चिप्स" दिसलं तर रॅम चिकटवलेली, "सोडिम" दिसलं तर काढता येण्याजोगी. एकदा पूर्ण पांढरं पान उघडून खोलीतला दिवा घालवा, पिवळट डाग किंवा कडेची दाबलेली जागा लगेच उमटते. आणि बिजागरी: झाकण मधून न धरता एका कोपऱ्याला धरून हळू उघडा. करकर झाली किंवा खालचा प्लॅस्टिकचा सांधा उचलला गेला तर तसाच परत पाठवा. बिजागरीचं काम मला पैसे मिळवून देतं, तरी सांगते.

१४ इंचांत पीडीएफ आणि वर्ड शेजारी-शेजारी जरा दाटीवाटीने बसतील. पुढे कधीतरी बाहेरचा मॉनिटर जोडा.

काटकसरे:

पुरवणी: "ग्रेड ए" हा शिक्का बहुतेक ठिकाणी रंगरूपाला असतो, बॅटरीला नाही. ओरखडे चालणार असतील तर "ग्रेड बी" विचारा, आत तेच असतं. परत करण्याची मुदत किती दिवसांची, ती पोचल्यापासून की ऑर्डरपासून, तेही बघा.

समासातला:

दुसराच घेतोय, ग्रेड बी. मुदत पोचल्यापासून धरतात, विचारून घेतलं. आईला पडद्याचं सांगितलं तर म्हणाली, "ओरखडे झाकणावर असू देत, काचेवर नकोत."

एकच राहिलं. तिचं टायपिंगचं सॉफ्टवेअर खरंच सीडीवरचं आहे आणि या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही.

आठवा स्क्रू:

जुन्या लॅपटॉपचा ड्राइव्ह चालतोय ना? मग सीडीतलं सगळं पेनड्राइव्हवर कॉपी करा, इन्स्टॉलर बहुतेक तिथूनही चालतो. नाहीच चालला तर यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह कोणाकडून तरी तासाभरासाठी मागून आणा. मात्र लायसन्सचा नंबर आधी शोधा. तो सीडीच्या पाकिटावर असतो आणि पाकीट सापडत नाही. काही जुन्या सॉफ्टवेअरना यूएसबीत लावायचं डोंगल लागतं, तसं असेल तर तेही बाजूला काढा, आणि नव्यावर नीट चाललेलं बघेपर्यंत जुना लॅपटॉप भंगारात देऊ नका.