प्रति: अमिगा १२०० (कमोडोरचा जुना होम कम्प्युटर) ची हार्ड डिस्क कधी दिसते, कधी नाही

भाऊ, थंड असताना चालू केलं की डिस्क दिसत नाही अन कंट्रोल-अमिगा-अमिगा दाबून रीसेट मारलं की लगेच बूट होते म्हणता, मग वरच्या उत्तरात कोणी डिस्क मेली म्हटलं ते काही पटत नाही, जुनी ड्राइव्ह फिरायला वेळ घेते अन किकस्टार्ट (रॉम चिपमधलं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) तेवढं थांबतच नाही. आधी ५ व्होल्टची लाइन लोडवर मोजा, पॉवर सप्लाय थकला असला तरी असंच होते. अन नागपूरच्या मे महिन्यात त्या बंद डब्यात डिस्क भाजूनच निघते, त्यापेक्षा डेटा काढून ४४ पिनच्या अडॅप्टरवर सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) मेमरी कार्ड टाका. फक्त किकस्टार्ट ३.१ च्या रॉमवर पार्टिशन पहिल्या ४ जीबीतच ठेवा आणि एचडीटूलबॉक्समध्ये (अमिगाचा डिस्क सेट करायचा प्रोग्राम) मॅक्सट्रान्सफर, म्हणजे एका वेळी किती डेटा हलवायचा ती मर्यादा, 0x१एफई०० करा, नाहीतर मोठ्या फाइली गुपचूप खराब होतात.