सावकारानंच टाळ्या वाजवल्या, मग पथनाट्याचा उपयोग काय?

पऱ्हाटी: मागच्या आठवड्यात आमच्या गावात (यवतमाळ जिल्हा) कर्ज अन् आत्महत्येवर पथनाट्य झालं. पोरांनी जीव ओतला, बाया पदरानं डोळे पुसून राहिल्या होत्या. पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर कोण? गावात व्याजानं पैसे देणारा. शेवटी त्यानंच उठून पाचशेची नोट दिली, माइकवर नाव पुकारून घेतलं. दुसऱ्या दिवशी बियाण्याच्या पैशासाठी मी त्याच्याच ओट्यावर. आमच्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या करपे या शेतकरी कुटुंबानं १९८६ मध्ये जीव दिला, तेव्हापासून किती नाटकं, किती गाणी झाली. फरक काय पडला सांगा.

खंजिरी: भाऊ, तुकडोजी महाराजांना विसरले काय? १९४२ मध्ये चिमूर (चंद्रपूर जिल्हा) इंग्रजांविरुद्ध पेटलं त्यात त्यांच्या भजनांचा वाटा होता. नुसतीच गाणी असती तर इंग्रजांनी महाराजांना तुरुंगात कायले टाकलं असतं?

पऱ्हाटी: तेव्हा भजनामागं 'चले जाव' होतं, गावोगाव मरायला तयार माणसं होती. आमच्या पथनाट्यामागं प्रायोजकाचा बॅनर होता. अन् आता तीच भजनं सरकारी कार्यक्रमात लागतात, साहेब डोळे मिटून मान डोलवतात.

वडसेकर: प्रायोजकाचं पटलं. आमच्या झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) धान निघालं की लोक स्वतः तिकीट काढून रात्रभर नाटक पाहतात. पण उपदेश सुरू झाला की अर्धा मंडप चहाच्या गाडीवर! म्हणून दारू, हुंडा हे सारं सासू-सुनेच्या भांडणात लपवून आणावं लागते. लोक हसतात, पण घरी जाऊन त्यावरच बोलतात. पथनाट्यवाले हे शिकतच नाहीत, थेट भाषण ठोकतात.

चिमूरची लेक: २०१० मध्ये दारूबंदीसाठी बाया चिमूरहून नागपूरला पायी गेल्या. माझी काकू होती त्यात. ती म्हणते, पाय सुजले की गाण्यावरच पुढं ढकलायचो. २०१५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात बंदी झाली.

पऱ्हाटी: अन् २०२१ मध्ये उठली.

चिमूरची लेक: उठली. सहा वर्षं होती, हे तुम्ही गाळलं. अन् बंदी गाण्यामुळं उठली नाही, ती उठवली मंत्रिमंडळानं.

सातबारा: मी एरवी लिहीत नाही. आमचे हे गेल्यावर सरकारच्या लाखाच्या मदतीसाठी प्रकरण 'अपात्र' ठरलं, जमीन दीर कसत होते. मग एका मंडळाचं नाटक आलं. त्यात एक बाई तलाठ्याच्या टेबलावर सातबारा आपटते अन् विचारते, "यावर माझं नाव कधी येणार?" वारस नोंदीसाठी आपण अर्ज करायचा असतो, हे मला तेव्हा कळलं. दिरांना आधीपासून माहीत होतं. मी अर्ज दिला, चकरा मारल्या, फेरफार झाला. कर्ज मात्र तसंच आहे.

पऱ्हाटी: ताई, त्या मंडळाचा नंबर द्या. सावकाराच्या टाळ्यांचं म्हणणं मी मागं घेत नाही, पण नंबर द्या.

सातबारा: व्यनि (खासगी निरोप) केला आहे. मानधन मागत नाहीत. गाडीभाडं अन् दहा-बारा जणांचं जेवण लागते. वांग्याची भाजी चालते.